शनीच्या पाठीमागून पाहिले तेव्हा



शनीचे नाव काढले की आजही अनेक घरांत काळजात धस्स होते. साडेसाती आली, तेल वाहा, काळे उडीद द्या, अंगठी घाला! आपण आधी या साडेसातीचा हिशेब मांडू. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीला सुमारे अडीच वर्षे; तीन राशींची झाली साडेसात. आकडा ग्रहाच्या संथ चालीतून आला. भीती माणसाने वरून जोडली.

मग जवळ जाऊन कोणी पाहिले का? पाहिले. अमेरिकेची नासा, युरोपची आणि इटलीची अवकाश संस्था यांनी मिळून १५ ऑक्टोबर १९९७ रोजी ‘कॅसिनी’ हे यान सोडले. त्यात माणूस नव्हता, कॅमेरे व उपकरणे होती. २००४ साली ते शनीभोवती फिरू लागले आणि तेरा वर्षे फिरत राहिले.

१६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे असल्यासारखे वाटले होते. ती कडी होती. आणि ही कडी म्हणजे अखंड चकत्या नव्हेत. बर्फाचे असंख्य तुकडे, कोणी धुळीच्या कणाएवढा, कोणी घराएवढा, आपापल्या वाटेने फिरत असतात. मुख्य कड्यांचा विस्तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर. जाडी मात्र बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तीन मजली चाळीएवढी!

पृथ्वीवरून आपल्याला शनीची उजेडातली बाजूच दिसते. १९ जुलै २०१३ रोजी यान त्याच्या सावलीत शिरले. सूर्य ग्रहाआड गेला, कडी मागून उजळली आणि त्यांच्याखाली एक निळसर ठिपका उमटला. ती आपली पृथ्वी, सुमारे १४४ कोटी किलोमीटर दूर. त्या ठिपक्यावर कोणाची रास कोणती, हे बर्फाच्या तुकड्यांना कसे कळावे?

इंधन संपत आले तेव्हा, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, शास्त्रज्ञांनी यान मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून नष्ट केले. शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहावर बर्फाखाली पाणी आहे. पृथ्वीवरचे जंतू चुकूनही तिथे पोचू नयेत, ही काळजी त्यामागे होती.

माता-भगिनींनो, शनिवारी तेलाला जाणारे पैसे बाजूला ठेवा. त्यातून मुलांना एकदा तारांगण दाखवा. लहानशा दुर्बिणीतूनही शनीचे कडे दिसते. ज्याने ते डोळ्यांनी पाहिले, त्याला शनीची भीती घालणे कठीण.