गणिताचे दालन आपलेही आहे

बारावीत गणितात उत्तम गुण मिळविलेल्या मुलीने बी.एस्सी.ला गणित घेते म्हटले, की फुलसावंगी परिसरातील आपल्या घरांतून एकच प्रश्न येतो : त्याने पोट भरेल काय? कापसाच्या एका हंगामावर ज्यांचे वर्ष उभे असते, त्यांनी तो विचारावाच. उत्तर मात्र आपण फार घाईने देऊन टाकतो.

विद्यापीठातील अवकल समीकरणे म्हणजे बदलाच्या वेगावरून पुढची स्थिती काढण्याचे शास्त्र. ईसापूर धरणात पाणी किती वेगाने येते, किती सोडावे, खाली पैनगंगा कुठवर चढेल, हा हिशेब त्याच प्रकारचा आहे. अनेक राशी एकमेकींत गुंतल्या, की रेषीय बीजगणित लागते. आजच्या संगणकीय कामांच्या मुळाशी तेच आहे.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला येथे दामोदर धर्मानंद कोसंबी आठवतात. पाली पंडित आणि ‘भगवान बुद्ध’ ग्रंथाचे कर्ते धर्मानंद यांचे हे गोमंतकात जन्मलेले पुत्र. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. पेशाने ते गणिताचे प्राध्यापक होते. द्वितीय श्रेणीच्या अवकल समीकरणांच्या भूमितीवरील त्यांचा निबंध १९३३ साली जर्मन नियतकालिकात आला आणि एली कार्तां या थोर फ्रेंच गणितज्ञाने त्याची दखल घेतली. तो सिद्धांत आज कोसंबी-कार्तां-चेर्न या नावाने ओळखला जातो. हाच माणूस पुढे हजारो प्राचीन नाणी तराजूत घालून, वापराने ती किती झिजली यावरून त्यांचा काळक्रम लावू लागला. भारतीय इतिहासावरील त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५६ चा. गणिताची शिस्त नसती तर ती नाणी कोणाही संग्राहकाच्या पेटीत मुकीच राहिली असती, असे माझे मत आहे.

या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. लागतो तो वेळ, वसतिगृहातील एक शांत कोपरा आणि अडल्यावर विचारता येईल असे माणूस. आपली मुले पहिल्या वर्षी अडतात ती बहुधा इंग्रजीपाशी. उदाहरण सुटते, प्रमेयाचे विधान कळत नाही. (आमच्या पिढीला निदान पारिभाषिक कोशाची धूळ झटकायची सवय होती.) स्पर्धा परीक्षांच्या वर्गासाठी वर्गणी काढताना आपण कधी मागे राहिलो नाही. मग एम.एस्सी. झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीतले आठ दिवस संस्थेत यावे, महाविद्यालयात गेलेल्या धाकट्या भावंडांना तीच प्रमेये मराठीतून उलगडून सांगावीत आणि पालकांनी एका मुलीला तरी तीन वर्षांची सवड द्यावी. निवासाची खोली आणि फळा संस्थेत आहेच.