पहिला पर्याय

अभियांत्रिकीच्या सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एकच विचारणा सुरू होते : अठ्ठ्याण्णवला कुठलं कॉलेज मिळेल? पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, एवढं आता पालकांना पाठ झालं आहे; एका पर्सेंटाइलचं वजन मात्र फारसं कुणी करत नाही. पीसीएम गटाला तीन लाख मुलं बसली असतील, तर अठ्ठ्याण्णव आणि नव्व्याण्णव यांच्यामध्ये तीन हजार मुलं उभी असतात, आणि कॉम्प्युटरच्या एका तुकडीत जागा साठ! तेव्हा पाहायचा तो गुणवत्ता यादीतला क्रमांक.

दुसरा घोळ कटऑफचा. कटऑफ कॉलेज ठरवत नाही. शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचा तो आकडा. जागा वाढल्या, शेजारच्या कॉलेजात एआयची नवी शाखा निघाली, की तो हलतो. शिवाय एकाच शाखेच्या कटऑफला डझनभर रकाने असतात. ‘जीओपनएच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटीतला खुला गट, ‘एलओपनएच’ म्हणजे त्यातल्या मुलींसाठी राखीव जागा. हा दुसरा आकडा पाहून मुलाच्या वडिलांनी हुरळून जाण्यात अर्थ नाही. टीएफडब्ल्यूएसमध्ये शिकवणी शुल्क माफ असतं, म्हणून तिथला कटऑफ बहुधा खुल्या गटाच्याही वर जातो. ‘सवलतीची जागा, म्हणजे सोपी’ हा हिशेब इथे उलटा पडतो.

हे सगळं सीईटी सेलच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथल्याच पीडीएफमधून ‘तुमच्या मुलासाठी खास यादी’ काढून हजारो रुपये घेणारे समुपदेशक गल्लोगल्ली बसले आहेत. पैसे गेले तर गेले; खरं नुकसान यादीच्या क्रमात होतं. ‘नक्की मिळेल’ ते वर आणि ‘मिळणार नाही’ ते खाली किंवा गायबच. वास्तविक कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेकाचा ऑप्शन फॉर्म वरून खाली पाहिला जातो. आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क रतीभरही कमी होत नाही. पर्याय तीनशेपर्यंत देता येतात, मग कंजुषी कशासाठी?

उलट खात्रीचं कॉलेज पहिलं लिहिणाराच अडकतो. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, की तो घ्यावाच लागतो; पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. 2025-26पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तोच नियम. म्हणजे वरचे सहा पर्याय मनापासून हवे तेच हवेत. शक्यतेचा विचार करायचा तो यादीच्या शेपटाशी, हात रिकामा राहू नये म्हणून.

हे नियम माहितीपुस्तिकेत आहेत, पण ती वाचून मुलाला समजावणारं माणूस तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात क्वचितच भेटतं. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशात जागावाटप करणारी ‘जोसा’ ही यंत्रणा पर्याय पक्के करण्याआधी नमुना जागावाटप करून दाखवते; आपण भरलेल्या क्रमाने काय पदरात पडेल ते मुलाला दिसतं आणि क्रम बदलायला वेळ उरतो. राज्याच्या कॅपमध्येही पहिल्या फेरीआधी असं वाटप व्हायला हवं. सीईटी सेलकडे त्यासाठी लागणारी सगळी माहिती आहे, आणि पुढच्या हंगामाला अजून अवकाश आहे.