आधी वजन, मग उपचार?

अपत्यासाठी झुरणाऱ्या स्त्रीला ‘आधी वजन उतरवा, मग या’ असे सांगून परत पाठविण्याचा प्रघात आता तपासून पाहिला पाहिजे. सल्ला सर्वस्वी चुकीचा नाही. पीसीओएस या विकारात वजन पाच ते दहा टक्क्यांनी घटले तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. परंतु वाट किती पाहायची? नेदरलँड्समध्ये ५७७ स्थूल स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. आधी सहा महिने वजन घटविण्यास सांगितलेल्या गटात पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकाची नैसर्गिक प्रसूती २७ टक्के स्त्रियांची झाली. तत्काळ उपचार मिळालेल्या गटात ३५ टक्के. उपचारांवाचून दिवस राहण्याचे प्रमाण मात्र पहिल्या गटात अधिक होते. तेव्हा तिशीच्या आतील स्त्रीने थोडे थांबणे समजू शकते. अडतिसाव्या वर्षी तेच थांबणे महागात पडते. हा वयाचा हिशेब सल्ला देतानाच मांडला गेला पाहिजे. उपासतापासाने काटा खाली ओढणे तर त्याहून घातक; अतिकृश देहातही पाळी थांबते.

आणि पतिराजांचे काय? सुमारे निम्म्या जोडप्यांत दोष पुरुषाकडेही असतो, आणि त्याची पहिली तपासणी सोपी व स्वस्त असते. तरीही वजनकाट्यावर उभी केली जाते ती घरची सूनच.