‘टिश्यू कल्चर’ म्हणजे विषाणूमुक्त नव्हे

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी बाजारात आली की बाह्यरुग्ण विभागात कोणीतरी विचारतेच, ‘डॉक्टर, टिश्यू कल्चरची फळे खाल्लेली चालतात का?’ खुशाल खावीत, फक्त नीट धुऊन. त्यात बाहेरचे जनुक घातलेले नसते आणि झाडांचे विषाणू माणसाला बाधत नाहीत. त्यांचा फटका बसतो तो शेतकऱ्याला.

स्ट्रॉबेरीची लागवड बियांपासून करत नाहीत. मातृरोपाला रनर फुटतात, त्यांवर नवी रोपे धरतात. आईला संसर्ग असला की तो लेकरांतही उतरतो. माणसाच्या बाळाला अशा वेळी देण्यासाठी आमच्याकडे काही औषधे तरी असतात. शेतातल्या रोपाला विषाणूपासून बरे करणारे औषध नाही. शिवाय मावा हा संसर्ग शेतभर पसरवतो. मॉटल किंवा क्रिंकलसारखा एखादाच विषाणू असेल तर रोप अनेकदा निरोगी दिसते. दोन-तीन एकत्र आले की पाने आकसतात, रोप खुजे राहते, फळ बारीक होते.

यावरचा उपाय १९५२ साली फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी डेलियावर दाखवला. वाढत्या शेंड्याच्या अगदी टोकाशी विषाणू सहसा पोहोचलेला नसतो. तेवढाच, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान तुकडा काढून बाटलीत वाढवायचा. स्ट्रॉबेरीत त्याआधी मातृरोप काही आठवडे ३७-३८ अंश उष्णतेत ठेवतात, म्हणजे विषाणूची वाढ मंदावते.

मोह इथेच होतो. तुकडा जरा मोठा घेतला तर तो सहज जगतो, पण त्याच्याबरोबर विषाणूही येऊ शकतो. मग प्रयोगशाळा एका आजारी रोपाची हजारो आजारी रोपे करते, तीही दिसायला टवटवीत! म्हणून ज्या तुकड्यापासून पुढची रोपे करायची, त्याची विषाणू चाचणी आधी झालीच पाहिजे. कोविडने घरोघरी पोहोचवलेली आरटी-पीसीआर इथेही चालते. रक्तपेढीत तपासणीशिवाय पिशवी बाहेर जात नाही. रोपांना वेगळा न्याय का?

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धत २००६ मध्येच सुरू केली. तरीही रोपे घेताना चाचणीचा अहवाल मागण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. रोपवाटिकेच्या फलकावरचे ‘टिश्यू कल्चर’ हे दोन शब्द म्हणजे अहवाल नव्हे.

आणखी एक. विषाणूमुक्त रोप विषाणूरोधक नसते. उघड्या शेतात माव्याने गाठले की तेही आजारी पडते. मातृरोपे कीटकरोधक जाळीतच वाढवावी लागतात आणि ठरावीक काळाने नव्याने तपासावी लागतात. माझ्या मते सरकारी अनुदान नव्या प्रयोगशाळेच्या इमारतीआधी या जाळीला आणि तालुक्याच्या आवाक्यातल्या चाचणी केंद्राला मिळावे. फीत कापायला इमारत बरी दिसते, हे खरे. पण लागवडीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती पडायला हवा तो चाचणीचा कागद.