वेळ कुणाच्या सोयीची?

आमच्या भागातल्या सामुदायिक रेडिओवर मी आठवड्यातून दोनदा जाते. हल्ली तिथं सगळं संगणकच लावतो. आदल्या दिवशी यादी भरून ठेवायची – धून, मुलाखत, गाणी, सूचना – की स्टुडिओत कुणी नसलं तरी प्रसारण बिनबोभाट चालू. सोय मोठीच! रात्री उशिरा कुणा मुलीला थांबावं लागत नाही.

पण आमचा बायकांचा कार्यक्रम सकाळी अकराला लागतो. अकराला बाई खुरपणीला गेलेली असते हो! विचारलं, तर म्हणे यादीत तेवढीच जागा रिकामी होती. संध्याकाळी काय, तर सिनेमाची गाणी.

आत्ताच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा संगम रेडिओ २००८ साली सुरू झाला. त्यांनी प्रसारणाची वेळ ठेवली संध्याकाळी सात ते नऊ, म्हणजे रानातून घरी परतल्यावरची.

संगणक बिचारा सांगितलेलं ऐकतो. सांगणाऱ्या खुर्चीत मात्र आमच्याकडे अजून एकही बाई बसलेली नाही. गेल्या सोमवारी आम्ही चौघींनी यादी भरायला शिकवा म्हणून अर्ज दिलाय. ‘बघू’ म्हणालेत.