विमा माणसाचा की चारित्र्याचा?

विम्याच्या प्रस्ताव अर्जात एक रकाना असतो : व्यवसाय. शिक्षक, शेतकरी, रिक्षाचालक, वकील यांना तो भरायला क्षणभरही लागत नाही. पण स्वतःचे लैंगिक चित्रण प्रौढ ग्राहकांना इंटरनेटवरून विकून घर चालवणाऱ्या बाईने त्या रकान्यात काय लिहायचे? खरे लिहिले तर अर्ज तिथेच अडणार आणि वर पोलिसांची भीती. 'गृहिणी' किंवा 'मॉडेल' लिहिले तर हप्ते बिनबोभाट घेतले जातील, पण दावा करायची वेळ आली की 'माहिती लपवली' हे कारण तयारच असेल. आयुर्विम्यात विमा कायद्याचे कलम ४५ पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर संरक्षण देते. तोवर डोक्यावर टांगती तलवार. इतर विम्यांना कलम ४५ चे हे संरक्षण लागू नाही. हप्ता भरायला ती माणूस असते, भरपाई मागायला गेली की चारित्र्यहीन ठरते.

या विषयावर आंबेडकरी चळवळीने बोलायचे कशाला, असे काही मित्र विचारतील. 'आपल्यापुढे शिष्यवृत्तीचा, आरक्षणाचा, अत्याचाराचा प्रश्न असताना हे कसले विषय काढता?' आमचे उत्तर सरळ आहे. कोणत्या श्रमाला श्रम म्हणायचे आणि कोणत्या श्रमाला विटाळ म्हणायचे, हा या देशातला सर्वात जुना जातीचा प्रश्न आहे. मेलेले ढोर ओढणाऱ्याचे कातडे सगळ्यांना हवे होते, फक्त ओढणारा गावकुसाबाहेर हवा होता. आज मोबाइलच्या पडद्यावर तेच चालू आहे. प्रौढांचे असे साहित्य एकांतात बसून पाहणे हा भारतात गुन्हा नाही. ते प्रसारित करणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-अ खाली गुन्हा आहे : पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. म्हणजे चव घेणारा सभ्य आणि ताट वाढणारी आरोपी!

धोका कुणाचा, नफा कुणाचा?

युरोप-अमेरिकेत हा धंदा उघड आणि कायदेशीर आहे. तिथे स्वतंत्रपणे असे साहित्य बनवणाऱ्या व्यक्ती कर भरतात, कंपन्या नोंदवतात आणि कोणत्याही छोट्या धंद्यासारखा व्यवसाय विमा शोधतात. कुणी बदनामीचा किंवा कॉपीराइटचा दावा लावला तर त्याचा खर्च, खाते हॅक होऊन ग्राहकांची माहिती फुटली तर त्याचा खर्च, कॅमेरा-संगणक चोरीला गेला तर त्याची भरपाई, काम बंद पडले तर बुडालेले उत्पन्न, एवढ्या गोष्टींसाठी हा विमा असतो. पण तिथेही अनेक कंपन्या 'प्रौढ मनोरंजन' हा शब्द दिसला की हात वर करतात किंवा बारीक अक्षरांत तो धंदाच वगळून टाकतात. कायदा हो म्हणतो, पण बँक आणि विमा कंपनी नाही म्हणते.

याचे सर्वात ठळक उदाहरण ओन्लीफॅन्स या ब्रिटिश मंचाचे. हा मंच निर्मात्यांच्या कमाईतून २० टक्के वाटा घेतो. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याने जाहीर केले की १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक साहित्याला बंदी. कारण सांगितले बँकांच्या दबावाचे. ज्यांच्या कामावर मंच उभा राहिला त्यांना एका निवेदनाने रस्त्यावर काढले. ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत निर्णय फिरवला गेला, पण खरी गोष्ट सर्वांना कळून चुकली. वाटा घेताना मंच भागीदार असतो आणि संकट आले की तो नुसता खांब असतो, ज्यावर कुणीतरी आपली पाटी लावली होती.

आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना हा हिशोब नवा नाही. संगीतबारीच्या थिएटरात नाचणारीचे पाय झिजतात आणि मालक आपला वाटा आधी कापून घेतो. दौलतजादा उधळणारा पाटील सकाळी गावात मिशीला पीळ देत फिरतो आणि कोल्हाट्याच्या पोरीला मात्र वयाने थकल्यावर ना पेन्शन, ना दवाखाना. २००५ साली राज्य सरकारने डान्सबार बंद केले तेव्हा हेच उघडे पडले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट, बाकीच्या बारवर बंदी! श्रीमंताच्या हॉटेलात नाचली की ती कला, गरिबाच्या बारमध्ये नाचली की ती अश्लीलता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. पण मधल्या वर्षांत ज्या हजारो बाया देशोधडीला लागल्या त्यांचे काय? बंदी लगेच लागू झाली, पुनर्वसन भाषणांतच राहिले. त्या बायांकडे बेकारीचा कोणताही विमा असता तर अनेकींना त्याहून वाईट बाजारात जावे लागले नसते.

तीन छावण्या, तिघांचीही चूक

पहिली छावणी संस्कृतिरक्षकांची. यांना विमा नको, बंदी हवी. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून २५ अ‍ॅप बंद करण्याचे आदेश दिले तेव्हा याच मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या अ‍ॅपवर काम करणाऱ्या मुलींची मजुरी बुडाली का, त्यांची जुनी चित्रफीत अजून कुठे विकली जाते आहे का, हे यांपैकी कुणी विचारले? बंदीने चित्रफीत मरत नाही, ती टेलिग्रामच्या गल्लीबोळांत फिरत राहते. मरते ती बनवणारीची कमाई. शिवाय एखाद्या बाईची खासगी चित्रफीत तिच्या संमतीवाचून पसरवली गेली, तर कलम ६६-ई तिच्या बाजूने आहे. पण हीच बाई जर असे साहित्य विकत असेल, तर तक्रार करायला पोलीस ठाण्यात जायची तिची हिंमत होत नाही, कारण त्याच कायद्याचे कलम ६७-अ तिच्यावरच उलटू शकते. ब्लॅकमेल करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. कायद्यानेच त्याला हत्यार दिले आहे.

दुसरी छावणी बाजारवाल्या उदारमतवाद्यांची. यांच्या मते ती 'उद्योजिका' आहे, तिने निवड केली आहे, तिला चांगली पॉलिसी विकत घेऊ द्या, विषय संपला. निवड! ज्या समाजात कोणत्या जातीच्या मुलीने चौकात नाचायचे हे तिच्या जन्माआधी ठरलेले होते, तिथे निवडीची गोष्ट एवढ्या हलक्याने करायची नसते. या धंद्यात फक्त दलित-भटक्या बाया आहेत असे आम्ही म्हणत नाही; सर्व जातींच्या स्त्रिया, पुरुष, तृतीयपंथी त्यात आहेत. पण धोका सर्वांवर सारखा कोसळत नाही. जिच्याकडे स्वतःचे घर आहे, वकील आहे, बँकेत शिल्लक आहे, ती बदनामी पचवून उभी राहते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या वस्तीतल्या मुलीला घरमालक दुसऱ्या दिवशी बाहेर काढतो. खासगी पॉलिसी हप्ता परवडणाऱ्यालाच मिळते. आणि भारतात तर तीही फसवी, कारण करार कायद्याचे कलम २३ बेकायदेशीर उद्देशाचा करार मुळातच रद्दबातल मानते. ज्या धंद्यावर कलम ६७-अ बसले आहे, त्याचा व्यवसाय विमा कागदावर विकला गेला तरी न्यायालयात टिकणार कसा?

तिसरी छावणी आपल्याच घरातली. 'बाबासाहेबांनी १९३६ साली कामाठीपुऱ्यातल्या भगिनींना हे जिणे सोडा म्हणून सांगितले होते, मग तुम्ही त्यांना विमा देऊन तिथेच बसवणार का?' हा प्रश्न गंभीर आहे. त्याला टाळून पुढे जाणे आम्हाला मान्य नाही.

१९३६ आणि १९४७

होय, १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांना स्पष्ट शब्दांत सांगितले की हे अपमानाचे जीवन सोडा. त्यात एक अक्षरही मागे घेण्यासारखे नाही. जातीने लादलेली शरीरविक्री ही मुक्ती आहे असे सांगणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही कधी बसणार नाही. पण ते भाषण कुणाला उद्देशून होते? समाजाला, धर्मांतराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या माणसांना. राज्यसंस्थेने काय करावे हे बाबासाहेबांनी दुसरीकडे लिहून ठेवले आहे.

१९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. स्त्रीच्या श्रमातून ज्याला लाभ होतो तो मालक तिच्या बाळंतपणाच्या भारातून पूर्ण सुटू शकत नाही, आणि मूळ जबाबदारी सरकारची आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अडारकर अहवाल त्याच काळातला, १९४४ चा. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आणि १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी थेट मागणी केली की विमा हा राज्याच्या मक्तेदारीचा विषय असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. 'प्रत्येक प्रौढ नागरिक' म्हणजे प्रत्येक. त्यात शीलवान नागरिक, सभ्य धंद्यातला नागरिक अशी चाळणी नाही. विमा ही बाबासाहेबांच्या लेखी बक्षिसी नव्हती, नागरिकत्वाचा भाग होता. १९३६ चे बाबासाहेब सांगतात बाहेर पडा. १९४७ चे बाबासाहेब सांगतात राज्याने प्रत्येकाखाली जमीन धरून ठेवली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पायाखाली जमीन नसलेली बाई बाहेर पडणार कुठे? जिच्याजवळ सहा महिन्यांचे रेशन आहे, आजारपणाची सोय आहे, पोराची फी भरलेली आहे, तीच दलालाला आणि मंचाला नाही म्हणू शकते. सुरक्षा हा धंद्यातून बाहेर पडायचा रस्ता आहे. उपासमार तिला आणखी खोल ढकलते.

मग मागायचे काय?

पहिली गोष्ट : विमा धंद्याला नको, माणसाला हवा. आजही पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, जीवनज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा मिळतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण तत्त्व बरोबर आहे : बँक खाते आणि वय बघायचे, चारित्र्य नाही. हेच तत्त्व आरोग्य, बेकारी आणि पेन्शनपर्यंत न्यावे लागेल. कार्यकर्त्यांनी वस्तीत हे अर्ज आजच भरून घ्यावेत, त्यासाठी कुणाच्या क्रांतीची वाट बघायची गरज नाही.

दुसरी : मंचाकडून वसुली. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मंचांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सुरक्षा निधीत भरायची तरतूद आहे, आणि ज्या मंचांना ती लागू आहे त्यांच्या यादीत टॅक्सी आणि खाद्यपदार्थ पोचवणाऱ्यांबरोबर 'कंटेंट आणि मीडिया सेवा' हेही शब्द आहेत. हे शब्द फक्त इंग्रजी बोलणाऱ्या, मोठ्या शहरांतल्या यूट्यूबवाल्यांसाठी नाहीत. रात्रभर मोबाइलसमोर लाइव्ह बसणारी मुलगीही त्यातच मोडली पाहिजे. १९२८ चा न्याय इथेही लागू होतो : जो नफा घेतो त्याने भार उचलावा.

तिसरी : स्वतःच्या संमतीने स्वतःचे चित्रण करणाऱ्या प्रौढ व्यक्तीला आरोपी करणे थांबवा. आरोपी करायचे तर संमतीवाचून पसरवणाऱ्याला, धमकावणाऱ्याला, लहान मुलांना यात ओढणाऱ्याला आणि माणसांची तस्करी करणाऱ्याला करा. तिथे आम्हाला कणभरही दयामाया नको.

चौथी : ओळख गुप्त ठेवायची हमी. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही कलम २१ खालचे सन्मानाचे जीवन आहे असे सांगितले आणि निवासाच्या पुराव्यावाचून, व्यवसायाची ओळख न फोडता आधार कार्ड देण्याची वाट मोकळी केली. आधारला जमते ते विम्याला का जमू नये?

पाचवी : बाहेर पडू इच्छिणाऱ्यांसाठी वेगळा निधी, शिक्षण आणि जुन्या चित्रफिती काढून टाकायला सरकारी खर्चाने वकील. यावाचून पुनर्वसन हा शब्द पुन्हा एकदा भाषणाचाच राहील.

कलकत्त्याच्या सोनागाचीत १९९५ साली देहविक्रय करणाऱ्या बायांनी उषा ही सहकारी संस्था काढली तेव्हा 'चांगले नैतिक चारित्र्य' ही सहकार कायद्यातली अट आडवी आली होती. त्या हटल्या नाहीत, अट हटवावी लागली. चारित्र्याचा दाखला ही या देशात नेहमी खालच्यांकडून मागितली जाणारी गोष्ट आहे. ढोर ओढणाऱ्याकडे, मैला उचलणाऱ्याकडे, नाचणाऱ्याकडे तो मागितला गेला. सावकाराकडे, पाटलाकडे, मंचाच्या मालकाकडे कुणी मागितला नाही.

तेव्हा सभ्यतेच्या भीतीने या प्रश्नापासून पळू नका. आपल्या वस्तीत, आपल्या वसतिगृहात, आपल्या ओळखीत अशी एखादी मुलगी असेल. तिला उपदेश करणारे पुष्कळ आहेत. तिचा अर्ज भरून देणारा, तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणारा, तिचे नाव बाहेर न फोडणारा कार्यकर्ता हवा आहे. तो आंबेडकरी नसेल तर दुसरा कोण असणार?

जय भीम!