हमी बँकेला, हप्ता व्यापाऱ्याला

आपत्तीनंतर लघुउद्योगांना 'सरकारने कर्ज दिले' असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा सरकारने दिलेली असते ती हमी. कर्ज देते ती बँक. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये कोविडग्रस्त उद्योगांसाठी जाहीर केलेली तीन लाख कोटी रुपयांची तातडीची पतहमी योजना याच स्वरूपाची होती.

या योजनेत नवे तारण मागायचे नव्हते आणि हमीचे शुल्कही नव्हते. कर्ज बुडाल्यास संपूर्ण भरपाई बँकेला मिळणार होती. बँकांच्या व्याजदरावर ९.२५ टक्क्यांची मर्यादा होती. पहिले वर्ष केवळ व्याज भरायचे आणि मुद्दल पुढील तीन वर्षांत फेडायचे, अशी सवलत होती. योजनेची मर्यादा पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढवण्यात आली आणि ३१ मार्च २०२३ रोजी ती बंद झाली. अनेक कारखाने तिच्यामुळे तगले, हे मान्य करायलाच हवे.

मात्र कर्जाची रक्कम ठरली ती २९ फेब्रुवारी २०२० रोजीच्या थकबाकीवरून. प्रारंभी तिच्या २० टक्के रक्कम मिळणार होती. ज्याने तोवर बँकेचे कर्जच घेतले नव्हते, त्याच्या वाट्याला शून्याचे २० टक्के! आयुष्यभर रोखीने व्यवहार केलेला काटकसरी दुकानदार नेमका या चौकटीबाहेर राहिला. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये दहा हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाची स्वतंत्र योजना आली खरी. पण हा दुकानदार फेरीवालाही नव्हता.

दुसरी अडचण लागोपाठ येणाऱ्या संकटांची. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा टाळेबंदीला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. राज्य सरकारने दुकानदारांना ५० हजारांपर्यंत, तर टपरीधारकांना दहा हजारांपर्यंत साहाय्य जाहीर केले. भरलेल्या गोदामाच्या हानीपुढे ही रक्कम तुटपुंजीच. ज्यांच्या डोक्यावर कोविडकाळातील कर्ज होते, त्यांना माल भरायचा तर कर्जावर कर्ज, एवढाच मार्ग उरत होता.

अमेरिकेत लघुउद्योग प्रशासन आपद्‌ग्रस्त व्यावसायिकाला स्वतःच कर्ज देते आणि फेडीची मुदत तीस वर्षांपर्यंत असू शकते. अर्थात तेथेही ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलीन वादळानंतर या निधीत खडखडाट झाला. डिसेंबरमध्ये संसदेने तरतूद केल्यावर कर्जवाटप पूर्ववत सुरू झाले.

आपल्याकडे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात, स्वतःच्या नियंत्रणाबाहेरील कारणांनी अडचणीत आलेल्या लघुउद्योगांचा पतपुरवठा चालू राहावा, यासाठी हमीची घोषणा झाली. तिचाही आधार आहे तो बँकेतील चालू कर्जखाते.